मांडव्याच्या पहाटवाटा आणि कुत्र्याची सोबत

मुंबई बंदराच्या तोंडाशी, दक्षिणेच्या किनाऱ्यावर मांडवा हे अलिबाग तालुक्यातले गाव वसले आहे. गेटवेवरून निघालेली लाँच तासाभरात येथे पोहोचते. रस्त्याने पेण-वडखळमार्गे यायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर पडते. ईशान्येला रेवस आणि धरमतरची खाडी, दक्षिणेला धोकवडे, सासवणे, आवास व किहीम अशी किनाऱ्यावरची गावे, पूर्वेला कनकेश्वराचा डोंगर आणि मधल्या पट्ट्यात भातशेती, खाजणे, माडांच्या वाड्या अशी या परिसराची रचना आहे. दिवस उजाडण्याच्या सुमारास या भागातल्या वाटांवर आज दोन प्रकारची कुत्री दिसतात. काही माणसाच्या मागेपुढे मोकळी चालतात. ती गावची असतात. काहींच्या गळ्यात पट्टा असतो आणि पट्ट्याची दोरी माणसाच्या हातात असते. ती बहुधा बंगल्यांमधली असतात. एकाच वाटेवर दिसणाऱ्या या दोन चालींचा इतिहास वेगवेगळा आहे. पहिली चाल या किनाऱ्यावरच्या शेतीइतकी, मासेमारीइतकी जुनी आहे. दुसरी एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत रुजली आणि तेथून बोटीने येथे आली.

पहाटेच्या जुन्या वाटा

मांडव्यासारख्या किनारी गावात पहाटे घराबाहेर पडणे हा कामाचा भाग होता. आगरी, कोळी, भंडारी आणि माळी यांची या पट्ट्यातली कामे भरती-ओहोटीवर आणि उन्हाच्या वेळेवर बेतलेली असत. कोळ्याला होडी केव्हा पाण्यात लोटायची आणि जाळे केव्हा काढायचे हे समुद्र सांगे. ओहोटी पहाटे तीनला असेल तर घरातला दिवाही तेव्हाच लागे. भंडारी सकाळ-संध्याकाळ माडावर चढून माडी उतरवी. वाडीवाला ऊन चढण्याआधी शिंपणे उरकी. भाजी, वाल, पांढरा कांदा किंवा मासळीच्या पाट्या घेऊन मुंबईच्या बोटीला निघालेल्या बायका अंधारातच रेवसची वाट धरत. मुंबई ते धरमतर अशी आगबोटींची ये-जा एकोणिसाव्या शतकात सुरू झाली आणि रेवस हे त्यांचे थांबण्याचे ठिकाण झाले, तेव्हापासून या वाटेवरची पहाटेची वर्दळ वाढली. घरोघरी शौचालये येण्यापूर्वी गावातली माणसे परसाकडेही पुळणीवर किंवा खाजणाच्या कडेला झुंजुमुंजू असतानाच जात.

या वाटांमध्ये सर्वांत जोखमीची वाट खारबांधांची होती. अलिबाग आणि पेण तालुक्यांतली बरीच भातशेती खाडीच्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली आहे. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे पीक हाती लागत नाही. खेकडे, उंदीर आणि घुशी बांध पोखरतात. बोटभर भोकातून सुरू झालेली गळती एका रात्रीत खिंडार पाडते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर सकाळी बांधावरून फेरी मारणे, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी नीट बसली आहे ना हे पाहणे, भोक दिसले की चिखलाने बुजवणे ही शेतकऱ्याची ठरलेली जबाबदारी होती. १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला आणि या बांधांची देखभाल सरकारी यंत्रणेच्या कक्षेत आली. तोपर्यंत ती गावकऱ्यांच्या सामूहिक श्रमांवरच चालत असे. अशा फेरीत माणसाबरोबर कुत्रे असे. झुडपात साप आहे, बिळात घूस आहे किंवा पलीकडे रानडुकराचा कळप आहे, हे त्याला माणसाच्या आधी कळे. कुणी त्याला मुद्दाम बरोबर घेत नसे. माणूस उठला, ओटीवरून उतरला की ओटीखाली मुटकुळे करून झोपलेले कुत्रे अंग झाडून मागोमाग निघे.

गावकुत्र्याचे स्थान

कुत्रा हा माणसाने माणसाळवलेला पहिला प्राणी आहे. लांडग्यापासून तो वेगळा होऊन किमान पंधरा हजार वर्षे झाली, म्हणजे शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून तो माणसाच्या वस्तीशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्तीचे उत्खनन झाले. तेथे गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या यांच्या हाडांबरोबर कुत्र्याची हाडेही मिळाली. भारतभर आढळणारे गावकुत्रे हे मुद्दाम पैदास करून घडवलेल्या जातीचे नाही. तांबूस, काळे किंवा ठिपकेदार, आखूड केसांचे, उभ्या कानांचे, वर वळलेल्या शेपटीचे, उष्ण हवेला आणि तुटपुंज्या अन्नाला सरावलेले असे हे कुत्रे हजारो वर्षांच्या नैसर्गिक निवडीतून तयार झाले आहे.

गावात त्याचे नाते एका मालकाशी असतेच असे नाही. ते एखाद्या पाखाडीचे, आळीचे किंवा वाडीचे असते. चार घरचे उरलेसुरले खाऊन ते जगते आणि त्या चार घरांच्या हद्दीत परका माणूस आला की भुंकते. या व्यवस्थेला धर्माचाही आधार होता. वैश्वदेवाच्या विधीत गाय आणि कावळ्याप्रमाणे कुत्र्यालाही अन्नाचा भाग काढून ठेवायचा असतो. यमाच्या श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांचे स्मरण त्यात केले जाते. ज्या घरांत हा विधी होत नसे, त्या घरांतही शेवटची भाकरी किंवा भाताची खरवड कुत्र्यासाठी ठेवण्याची रीत होती. जेवण झाल्यावर अंगणात उभे राहून ‘यू यू’ अशी साद घातली की आळीतली कुत्री जमत. त्याच वेळी कुत्र्याला उंबऱ्याच्या आत प्रवेश नसे. त्याने शिवलेले भांडे विटाळले असे मानत आणि चुलीजवळ आलेच तर ‘हाड’ म्हणून हाकलत. माया आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळूनच गाव कुत्र्याशी वागत आले.

त्याच्या वाट्याला आलेली कामे परिसरानुसार बदलत. कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील आणि खळ्यावर जवळा-सुकट वाळत असे. रात्रीच्या वेळी मांजरांपासून आणि कोल्ह्यांपासून ही मासळी राखायला कुत्रा उपयोगी पडे, मात्र त्याच्यापासूनही ती राखावी लागे. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल, हरभरा किंवा कलिंगडे लावतात. या पिकांवर कोल्हे आणि रानडुकरे येतात. माळ्यावर जागलीला बसलेल्या माणसाच्या पायथ्याशी कुत्रा असला की त्याला डुलकी घेता येई.

कातकऱ्यांचा कुत्र्याशी संबंध आणखी जवळचा होता. कात बनवण्याचा त्यांचा धंदा जंगलावरच्या निर्बंधांमुळे बुडाला. त्यानंतर हा समाज वीटभट्टी, कोळसा, शेतमजुरी आणि लहानसहान शिकार यांवर जगू लागला. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकरवाडीत घरटी एखादे तरी कुत्रे असे. ससा, घोरपड, रानडुक्कर यांच्या मागावर जाणे हे त्याचे काम. भात कापणीनंतर बांधांतल्या उंदरांची बिळे हुंगून दाखवणे हेही त्याचेच काम. बीळ खणले की उंदीर मिळत आणि उंदरांनी साठवलेले भातही मिळे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ मध्ये झाल्यावर शिकार गुन्हा ठरली आणि कुत्र्याच्या या कौशल्याचा उपयोग आटला.

दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणारे धनगर हा या इतिहासाचा आणखी एक भाग आहे. देशावर चारा संपू लागला की मेंढरांचे कळप खाली येत. भात कापलेल्या शेतात मेंढरे बसवली की त्यांच्या लेंड्यांचे खत मिळते, म्हणून कोकणातला शेतकरी धनगराला धान्य देऊन कळप बसवून घेई. धनगरांच्या वाड्याचा, म्हणजे तळाचा, मुक्काम हलवण्याची वेळ पहाटेची असे. पुढे घोड्यांवर बाडबिस्तरा, कोंबड्या आणि पोरे, मध्ये मेंढरे आणि दोन्ही अंगांना कुत्री अशी ती वाटचाल असे. पावसाळ्याच्या तोंडावर हे कळप पुन्हा घाट चढत. माणूस आणि कुत्रा यांनी पहाटे एकत्र चालण्याची ही महाराष्ट्रातली सर्वांत जुनी आणि सर्वांत लांब पल्ल्याची रीत मानावी लागेल.

देवळात, दरबारात आणि गडावर

अंगणातल्या कुत्र्याला उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या समाजाने देवाजवळच्या कुत्र्याला मात्र पूज्य मानले. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ती चार वेदांची प्रतीके मानली जातात. मांडव्याच्या दक्षिणेला, अलिबागपलीकडे चौल-भोवाळे येथे टेकडीवर दत्ताचे देवस्थान आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला तेथे सुरू होणारी पाच दिवसांची यात्रा या तालुक्यातल्या मोठ्या यात्रांपैकी एक आहे. खंडोबाच्या मूर्तीतही घोड्याबरोबर कुत्रे दाखवतात आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्याला घालण्याची प्रथा अनेक घरांत आहे. महाभारतात महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालत राहतो तो कुत्राच. त्याला सोडून स्वर्गात जायला युधिष्ठिर नकार देतो.

राजदरबारात कुत्र्याला मान होता तो शिकारीमुळे. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, इ. स. ९४९-५० चा अतकूर येथील शिलालेख प्रसिद्ध आहे. तो आज कर्नाटकात असलेल्या मंड्या जिल्ह्यातला. रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याचे ते स्मारक आहे आणि शिळेवर ती झुंज कोरलेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये कुत्र्यांच्या खेळाचे स्वतंत्र प्रकरण आहे.

मराठेशाहीत छत्रपती शाहू महाराजांचे शिकारीचे आणि कुत्र्यांचे वेड सर्वश्रुत होते. वाघापासून महाराजांचा जीव वाचवणाऱ्या खंड्या नावाच्या कुत्र्याची हकिगत साताऱ्यात सांगितली जाते आणि संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. मांडवा ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याला नाव देणाऱ्या रायगडावर, शिवसमाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक आहे. ते १९३६ मध्ये इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून उभे राहिले. राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाने शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या या कुत्र्याची कथा घरोघरी पोहोचवली होती. शिवकालीन कागदपत्रांत मात्र या कुत्र्याचा उल्लेख मिळत नाही. त्यामुळे स्मारकाबद्दल वाद झाले, २०१२ मध्ये पुतळा हटवून पुन्हा बसवला गेला आणि तो वाद अजून शमलेला नाही. इतिहास म्हणून या कथेला पुरावा नसला, तरी कुत्र्याच्या इमानावर मराठी माणसाचा किती विश्वास आहे याचा पुरावा ती नक्कीच देते.

पलीकडच्या मुंबईत

कुत्र्याला फिरवून आणणे ही वेगळी, स्वतंत्र क्रिया आहे. तिच्यामागे शेत, जाळे किंवा कळप नसतो. कुत्र्याला बाहेर नेणे हाच हेतू असतो. ज्या कुत्र्याला दार उघडे आहे त्याला फिरवून आणावे लागत नाही. बंद घरात राहणारे कुत्रे आणि मोकळ्या कुत्र्याला मज्जाव असलेला रस्ता, या दोन गोष्टी जुळून आल्या तेव्हाच ही रीत जन्मली. मांडव्यासमोरच्या मुंबईत त्या एकोणिसाव्या शतकात जुळल्या.

मोकळ्या कुत्र्यांविरुद्ध ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने मुंबईत त्या शतकाच्या आरंभीच नियम केले होते. ठराविक महिन्यांत बेवारशी कुत्री मारली जात. १८३२ मध्ये ही मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने मारेकऱ्यांनी घरात शिरूनही कुत्री ओढून नेली, अशी तक्रार झाली. पारशी धर्मात कुत्रा पवित्र आहे. मृत्यूनंतरच्या ‘सगदीद’ या विधीत प्रेतावर कुत्र्याची नजर पडावी लागते. ६ जून १८३२ रोजी फोर्टातल्या पारशांनी कुत्री मारणाऱ्यांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. त्यात हिंदू, जैन आणि काही मुसलमान व्यापारीही सामील झाले आणि गोऱ्या पलटणीची रसद अडली. सरकारने दंगलखोरांना शिक्षा केल्या, पण कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचा पर्यायही पुढे आला. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. त्यामागे या प्रसंगाची पार्श्वभूमी होती. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था, १८८३ मध्ये परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आणि १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय अशी मालिकाच मुंबईत तयार झाली.

याच काळात इंग्लंडमध्ये कुत्र्याकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले आणि १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. कामावरून ओळखले जाणारे कुत्रे आता जातीवरून, वंशावळीवरून आणि दिसण्यावरून ओळखले जाऊ लागले. मुंबईतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी टेरियर, स्पॅनियल अशी कुत्री जहाजाने आणली. उन्हाळ्याच्या देशात त्यांना पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच बाहेर काढता येई. साहेबाच्या आधी उठून साखळी धरून कुत्रे फिरवून आणणारा नोकर बंगल्याच्या नोकरवर्गात असे. पुढे पारशी, गुजराती आणि मराठी श्रीमंत घरांनी आणि विसाव्या शतकात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मध्यमवर्गाने ही रीत उचलली. चाळीतल्या कुत्र्याला जिना आणि गल्ली मोकळी होती; पाचव्या मजल्यावरच्या कुत्र्याला सकाळी कुणीतरी खाली नेणे भागच होते.

बोटीने आलेली रीत

मांडवा परिसर १८४० पर्यंत आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात होता. ते खालसा झाल्यावर तो इंग्रजी अमलाखाली आला, १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा झाला आणि १ जानेवारी १९८१ पासून त्या जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. मुंबईच्या सुखवस्तू लोकांनी या किनाऱ्यावर हवापालटासाठी घरे बांधण्याची सुरुवात फार जुनी आहे. किहीमला तय्यबजी कुटुंबाची घरे होती. त्याच गोतावळ्यातले पक्षितज्ज्ञ सालिम अली १९३० मध्ये नोकरी नसलेल्या दिवसांत किहीमला राहिले आणि तेथे त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणतो, मादी पसंत करते, मग नर दुसरे विणायला घेतो, हा क्रम त्यांनी येथे टिपला. त्यांच्या कीर्तीचा पाया या निरीक्षणांनी घातला. सासवण्याचे सुपुत्र, शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७) यांनी मुंबई-कोलकात्यात नाव कमावल्यावर गावी येऊन शिल्पे घडवली. त्यांच्या घरातल्या संग्रहालयात थोर पुरुषांच्या पुतळ्यांबरोबर गावातली माणसे आणि जनावरेही जिवंत वाटावीत अशी उभी आहेत.

ही जुनी घरे मोजकी होती. गेटवे ते मांडवा ही लाँच आणि कॅटामरानची सेवा स्थिरावली तेव्हा चित्र पालटले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मांडवा, धोकवडे, सासवणे, आवास, झिराड, किहीम येथील वाड्या आणि वरकस जमिनी विकल्या जाऊन त्यांवर फार्महाऊस उभी राहिली. शनिवार-रविवार येणाऱ्या कुटुंबांबरोबर लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन आणि पुढे गोल्डन रिट्रीव्हर, बीगल ही कुत्री येऊ लागली. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली. ग्रीसमध्ये बांधलेल्या या जहाजात मोटारी चढतात आणि पाळीव प्राण्यांनाही नेता येते. पावसाळ्यात लहान लाँच बंद असतात, तेव्हाही हे जहाज चालते. त्याच महिन्यात कोरोनाची टाळेबंदी आली. त्यानंतरच्या काळात अनेक मुंबईकर महिनोन्महिने येथेच राहून काम करू लागले आणि कुत्र्याला घेऊन सकाळी गावातून फेरी मारणे हा सुट्टीपुरता असलेला प्रकार रोजचा झाला.

या रीतीत गावचा वाटा मोठा आहे. बंगल्याचा मालक नसतो तेव्हा तेथली व्यवस्था पाहणारे कुटुंब स्थानिक असते. झाडांना पाणी घालणे, पंप चालू करणे यांबरोबर कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवणे, त्याला खाऊ घालणे, गोचिड्या काढणे हे काम त्यांच्याकडे येते. ज्या घरातल्या आजोबांमागे कुत्रे आपणहून खारबांधावर गेले, त्याच घरातला नातू आज हातात पट्टा धरून त्याच वाटेने जातो. कुत्र्याला नावाने हाक मारणे, डॉक्टरांकडे नेणे, लस टोचून घेणे हे गावाने या बंगल्यांकडून घेतले. कुत्र्याचे भुंकणे ओळखणे, दुसऱ्या आळीच्या टोळीला चुकवून वाट काढणे, सापाची जागा टाळणे हे बंगल्यांनी गावाकडून घेतले.

पिसाळण्याची भीती

कुत्र्याच्या सोबतीची दुसरी बाजू रेबीजची आहे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून खेड्यांत पिसाळलेल्या कुत्र्याइतकी दहशत वाघाचीही नव्हती. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या मुलाला प्रथम लस टोचली. भारतात १९०० मध्ये कसौलीला आणि १९०७ मध्ये कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. कोकणातल्या माणसाला एवढ्या दूर जाणे अशक्यच होते; तो मांत्रिकाकडे, झाडपाल्याकडे किंवा देवाच्या तीर्थाकडे वळे. पुढे परळची हाफकिन संस्था या उपचाराचे केंद्र झाली आणि लस जिल्ह्याच्या दवाखान्यांत मिळू लागली. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या त्या लशीची पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने जुन्या पिढीच्या आठवणीत पक्की आहेत. ती वेदनादायक होती आणि क्वचित मज्जासंस्थेवर दुष्परिणामही करी. भारतात २००५ च्या सुमारास ती बंद झाली. आता पेशींवर वाढवलेली लस दंडात देतात आणि जखम खोल असेल तर जखमेभोवती प्रतिद्रव्येही टोचतात.

कुत्र्यांच्या संख्येबाबतचे धोरणही बदलले. मारून संख्या कमी होत नाही, रिकाम्या जागी शेजारची कुत्री येतात, हा अनुभव शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा आला. २००१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी मोकळ्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याची पद्धत लागू केली. २०२३ च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर अधिक स्पष्टपणे टाकली. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. शहरांकडे यासाठी पशुवैद्य, गाड्या आणि संस्था असतात. ग्रामपंचायतीकडे त्या नसतात. मांडव्यासारख्या ठिकाणी, जेथे सुट्टीनंतर बंगल्यांचे आणि हॉटेलांचे उरलेले अन्न उघड्यावर पडते, तेथे कुत्र्यांच्या टोळ्या वाढतात आणि हा भार गावाला एकट्याने पेलवत नाही.

वाटेवरचे इतर रहिवासी

पहाटेची वेळ माणसा-कुत्र्यांची तशीच पाखरांची आहे. पुळणीच्या कोरड्या वाळूत चिखल्यासारखे किनाऱ्यावरचे लहान पक्षी उघड्यावरच अंडी घालतात. अंड्यांचा रंग वाळूसारखा असल्याने माणसाला ती दिसत नाहीत, पण कुत्र्याच्या नाकातून ती सुटत नाहीत. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पाणपक्षी ओहोटीच्या चिखलात चरत असतात. मोकळे कुत्रे त्यांना वारंवार उडवते तेव्हा त्यांच्या लांबच्या प्रवासासाठी साठवायची चरबी वाया जाते. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, हरिहरेश्वर-दिवेआगरच्या बाजूला, ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तेथे घरट्यांभोवती कुंपण घालावे लागते, त्याची कारणे अंडी चोरणारी माणसे, कोल्हे आणि कुत्री अशी तिन्ही आहेत. कनकेश्वराच्या जंगलाच्या कडेने मोकळ्या सुटलेल्या कुत्र्यांपासून ससे आणि भेकरांना धोका असतो. कुत्र्यांचे रोगही रानातल्या कोल्ह्यांकडे जाऊ शकतात. शेतावर बांधलेल्या शेळ्या आणि मोकळ्या कोंबड्यांवरून बंगलेवाले आणि गावकरी यांच्यात होणारे तंटेही याच वेळचे असतात.

जुन्या व्यवस्थेत या गोष्टींना आपोआप आळा होता. कुत्रे मोकळे असले तरी त्याच्या पुढे चालणारा माणूस त्या जमिनीचा जाणकार होता. कुठे टिटवीची अंडी आहेत, कुणाच्या वाडीत पिले आहेत, कुठे पाऊल टाकू नये हे त्याला माहीत असे आणि त्याच्या एका हाकेवर कुत्रे मागे फिरे. नव्या व्यवस्थेत पट्टा आहे, लस आहे, डॉक्टर आहे, पण जमिनीची ती ओळख नाही. मांडव्याच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष हाच आहे की दोन्ही रीतींतले चांगले एकत्र आणावे लागेल.

त्यासाठी करायच्या गोष्टी अवघड नाहीत. गावठाणातून, पुळणीवरून आणि जंगलाच्या कडेने जाताना कुत्र्याला पट्टा असावा. बंगल्यातले कुत्रे असो वा आळीतले, त्याला तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी रेबीजची लस टोचली जावी. बंगलेवाल्यांनी आपल्या कुत्र्याबरोबर वाटेवरच्या चार गावकुत्र्यांच्या लशीचा आणि नसबंदीचा खर्च उचलला तर ग्रामपंचायतीचा मोठा भार हलका होईल. उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये आणि शहरात नकोसे झालेले कुत्रे गावात आणून सोडू नये. कुत्रा चावला, ओरबाडला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. त्याला पर्याय नाही. ज्या प्राण्याने खारबांधावर, वलांडीखाली आणि जागलीच्या माळ्याखाली पिढ्यान् पिढ्या या गावांची राखण केली, त्याची आणि त्याच्या वाटेवरच्या इतर जिवांची एवढी काळजी घेणे हे आता गावकरी आणि बंगलेवाले या दोघांचेही काम आहे.